साखराबाईनं संपवलेले लांडगे

साखराबाईच्या नादी गावात कुणी लागत नसे. शिरूर अनंतपाळच्या पुढं, माळाला लागून तिची वस्ती. नवरा दारू पिऊन अंगावर धावला तेव्हा तिनं मुसळानं त्याचा हात मोडला, आणि दुसऱ्या दिवशी तोच हात तिनंच शेकून दिला. बाई अशी! नावावर वीतभर जमीन नाही, होत्या त्या शेळ्या. त्यांच्या जिवावर तिनं पोराला, शिवमला, वाढवलं आणि कुणापुढं पदर पसरला नाही. तिच्या शेळीला कुणी नुसता खडा जरी मारला, तरी ती त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

अशा बाईची गाभण शेळी लांडग्यानं धरली. तीही भर दुपारी, तिच्या डोळ्यांदेखत. साखराबाई कुऱ्हाड घेऊन धावली आणि तिनं लांडग्याच्या पाठीत घाव घातला. तरी त्यानं गळा सोडला नाही. त्या ओढाताणीत शेळीचं पोट फाटलं, आतली करडं मातीत पडली. दुसरा घाव बसला तेव्हा कुठं तो रक्त गाळत पळाला. साखराबाई त्या करडांजवळ बसून छाती पिटत रडली आणि मग एकदम गप झाली. ती गप झाली की भ्यावं, असं वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं.

तिथल्या शेळ्या राखणाऱ्यांची जुनी रीत होती. लांडग्यानं मारलेलं जनावर पुरायचं नाही, माळावर टाकून यायचं. तो त्याचा वाटा. पोट भरलं की तो लवकर फिरकत नाही. त्यामुळं त्या माळावरच्या लांडग्यांना वस्तीवरून आलेलं मढं बिनघोर खायची सवयच लागली होती. साखराबाईनंही शेळी नेऊन टाकली. फक्त टाकायच्या आधी तिनं आतड्यांत फवारणीचं औषध ओतलं, कारण लांडगा आधी आतडी ओढतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार!

सकाळी बघते तर लांडगे तोंडाला फेस येऊन मरून पडलेले. पाठीवर घाव असलेला थोरला त्यांतच होता. नाल्याकाठी गावची कुत्रीही मेली होती, पण कुत्र्यांना कोण मोजतो? साखराबाई थुंकली. आता पिल्लंही चेचून टाकू म्हणून ती कुऱ्हाड घेऊन बिळापाशी गेली. तिथं पिल्लं आधीच मेली होती, ओकलेल्या मांसात तोंडं खुपसून. लांडगा पिल्लांसाठी पोटात घास घेऊन येतो आणि त्यांच्यापुढं ओकतो. तिच्या शेळीचंच मांस होतं ते. तिच्यानं तिथं थांबवेना, ती मागं फिरली. पण कबूल करील तर ती साखराबाई कसली? गावात येऊन ती म्हणाली, "निर्वंश केला भाड्यांचा!"

कुत्र्यांना मात्र तोटा नव्हता. सडकेला कोंबडीवाले घाण टाकत, त्यावर नवी टोळी पोसली. लांडगे गेल्यानं मोकळ्या झालेल्या माळावर त्यांना अडवणारंही कुणी उरलं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास ती टोळी शेळ्यांवर तुटून पडली. लांडगा एक धरतो आणि जातो. ही कुत्री एकीला फाडायची, तिथंच टाकायची आणि दुसरीवर जायची. साखराबाईनं दोघांची टाळकी फोडली. तिसऱ्यानं तिच्या पोटरीचा लचका तोडला. ती खाली पडली आणि पडल्या जागेवरून तिनं सगळा कळप मरताना बघितला. एकही शेळी त्यांनी धड खाल्ली नाही.

देगलूरचा मकसूद शेळ्यांचा व्यापारी. त्याचा बापही हिच्याकडूनच बोकड नेत असे. तो आला तेव्हा ही पाय बांधून दारात बसली होती.

"एवढी कुत्री आली कुठून रं?" तिनं विचारलं. "माझ्या इखानं तर तीबी मेली होती."

"मावशी, कुत्री उकिरड्यावरबी वितात अन् घाण खाऊनबी जगतात. मेली तेवढी पुन्हा झाली. लांडग्याचं तसं न्हाई. कळपात एकच मादी विते, तीबी वर्षातून एकदा. बाकीचे समदे तिच्या पिल्लांसाठी राबतात, एका जागी खातात. तू एका जागी इख ठेवलंस, समदं घर गेलं."

तिनं त्याची गचांडी धरली. "मंग आधी का न्हाई सांगितलंस, मुडद्या?"

"तू विचारलंस कुठं? तू तर मिशीला पीळ देऊन फिरून राहिली होतीस!"

तिनं त्याला ढकलून दिलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. शेळ्यांसाठी रडते असं मकसूदला वाटलं. शेळ्यांसाठी तर होतंच. पण तिच्या डोळ्यांपुढून ते बीळ हलत नव्हतं.

संक्रांतीनंतर शिवम ओरडत आला. त्या कळपातली एक लांडगीण वाचली होती, ती पिल्लांसकट दिसली होती. वस्तीवरची पोरं कुऱ्हाडी घेऊन निघाली. साखराबाई लंगडत त्यांच्या पुढं झाली. शिवमनं दगड उचलताच तिनं त्याच्या मनगटावर अशी काठी हाणली, की तो कळवळून खाली बसला.

"आये, तुझीच शेळी खाल्ली न्हवं यांनी!"

"खाऊ दे! पुढं पाऊल टाकलं तर तुझं टाळकं फोडीन. तेवढं एकच घर उरलंय."

लांडगीण दात विचकून तिच्यावरच गुरगुरली. मग तिच्यामागून पिल्लं बाहेर आली. एक काळं कुळकुळीत होतं, एकाचे कान पडलेले, एकाच्या अंगावर पांढरे ठिपके. त्या माळावर तिला जोडीला लांडगा मिळाला नव्हता. पिल्लं साखराबाईकडं बघून भुंकायला लागली, दारातली कुत्री भुंकतात तशी.

"आये, ही तर कुत्री हायेत!" शिवम म्हणाला.

"हाव," साखराबाई म्हणाली. तिच्या हातातली काठी गळून पडली. "लांडगे मी संपवले."