आजाराच्या ओळीपुरतं कुलूप

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी केडगावात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मिरजगावात दवाखाना असलेल्या एक डॉक्टरबाई दर रविवारी एसटीने शिकायला यायच्या. पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर ठेवायची आणि फ्लॉपीवरून नगरच्या छातीच्या डॉक्टरांना पाठवायची, एवढंच त्यांना हवं होतं. मी नुकतीच एक्सएमएल ही माहिती लिहून ठेवायची पद्धत शिकले होते. त्यात माहितीच्या प्रत्येक भागाला पाटी लावता येते : नाव, गाव, आजार, औषध. मी हौसेने फाइल करून दिली.

दोन महिन्यांनी बाई आल्या, त्यांचा चेहरा पडलेला. टीबीची एक पेशंट, नव्याने लग्न झालेली, यायची बंद झाली होती. दवाखान्यात नंबर लावणाऱ्या माणसाने कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिचा आजार वाचला आणि बाजारात बोलून गेला. सासरी तिचं ताट वेगळं झालं.

मला ते फार लागलं. कुणी काय वाचावं, याचा मी विचारच केला नव्हता. घाईघाईने मी अख्खी फाइल कुलूपबंद केली. पुढच्या रविवारी बाई म्हणाल्या, "अगं, सगळंच झाकलंस. नाव सापडेना, नंबर लावायचा कसा? बाहेर रांग लागते."

"मग काय काय झाकू?"

"आजार आणि औषध. ते मला आणि नगरच्या डॉक्टरांनाच दिसू दे. बाकीचं राहू दे उघडं."

ऐकायला सोपं होतं. दोघांना एकच पासवर्ड द्यायला माझं मन धजेना. एकाकडून फुटला की संपलं. तीन आठवडे खपले. शेवटी जमलं : फाइल एकच, पण झाकलेला भाग दोघांनी आपापल्या किल्लीने, म्हणजे वेगवेगळ्या पासवर्डने उघडायचा; एकाची फुटली तर तेवढीच बदलायची. टीबीच्या गोळ्याही बाहेर कुणाला दिसू नयेत म्हणून बाई स्वतःच्या खोलीतून देऊ लागल्या. मग बाई त्या मुलीच्या सासरी जाऊन सासूशी बोलल्या, सुनेला परत दवाखान्यात घेऊन आल्या.

त्या दिवशी मी मिरजगावातच होते. ती तोंडाला पदर लावून बसली होती. मी तिला पडदा दाखवला. नाव, गाव, आणि खाली अक्षरांची नुसती खिचडी.

"हे काय लिवलंय?"

"तुमचा आजार."

"मला तर वाचताच येईना."

"बाहेरच्या माणसालाही येणार नाही."

बाईंनी आपल्या किल्लीने तो भाग उघडला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "तुझं आहे, तू वाच." तिने एकेक अक्षर लावत औषधांची नावं वाचली. मग विचारलं, "लाल गोळी कवा बंद व्हणार?"

"सहा महिने नेमाने घेतलीस तर."

तिने नेमाने घेतली. मधल्या काळात ती आपल्या माहेरच्या एका बाईलाही घेऊन आली. त्या बाईला खोकला होता, आणि गावात कळेल म्हणून ती वर्षभर कुठेच गेली नव्हती.