रिकामा तांब्या

मी वाचायला शिकलो तो चळवळीच्या पत्रकांवर. पत्रकात दोनच माणसं असतात, लढणारा आणि शरण जाणारा. धुळ्याच्या शाळेत मराठीच्या सरांनी मासिकातली एक गोष्ट वाचून दाखवली, तेव्हाही मी तीच दोन माणसं शोधत होतो.

गोष्ट दीड पानाची. बऱ्याच महिन्यांनी एक माणूस घरी परततो. कुठून, ते लेखक सांगत नाही. बायकोही विचारत नाही. ती त्याच्या हातांवर पाणी ओतते, तो हात धुतो, धुतच राहतो.

"ती विचारत का नाही?" सर म्हणाले.

त्या दिवसांत चळवळीतले लोक तुरुंगातून सुटून येत होते; कुणी मुदत भरून, कुणी माफीनामा लिहून. मी ताडकन उभा राहिलो. "तो माफी मागून सुटलाय, सर. तिला त्याची लाज वाटते."

"कुठल्या वाक्यात आहे हे?"

मला दाखवता येईना. शेजारी माझा मित्र बसायचा, नरडाण्याकडच्या खेड्यातला. वर्गात तो सहसा तोंड उघडत नसे.

"सर, शेवटून दुसरं वाक्य," तो बसूनच म्हणाला. "पाणी संपलंय, तरी तिनं तांब्या तिरपाच धरलाय. खाली ठेवला तर त्याला मान वर करावी लागेल."

सरांनी मासिकात पाहून मान डोलावली. ते वाक्य मी ऐकलंच नव्हतं. मला हरल्याचा राग आला.

"तुला बरं ठाऊक! तुझ्या घरचंच दिसतंय!"

वर्ग खदखदून हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याची जागा रिकामी. त्याचे वडील माफीनामा लिहून सुटले होते, हे मला आठवड्यानं कळलं.

माफीनाम्याविषयीचं माझं मत आजही बदललेलं नाही. पण त्या रविवारी मी त्याच्या गावी गेलो, माफी मागायला. त्याला शाळेत परत आणायचं होतं.

ओट्यावर वडीलच होते. हाडकुळे, पांढरे खुंट वाढलेले. मी धुळ्याहून आलेला त्यांच्या मुलाचा मित्र, हे ऐकून ते घाईनं उठले.

"दूरथीन उना, भाऊ. पाय धोई ले." त्यांनी तांब्या भरून घेतला. "पोऱ्या मळामा शे."

मळ्यात म्हणे; पण त्याच्या चपला उंबऱ्याशीच होत्या.

"शाळामा जात नही आते. काय झायं, सांगत बी नही," पाणी ओतत ते म्हणाले. "तुले काही माहीत शे का?"

एका वाक्याचं काम होतं. सभेत मी तासभर बोलत असे. मी खाली वाकून पाय चोळत राहिलो, टाचा, मग बोटं, मग परत टाचा. पाणी केव्हाच संपलं होतं.

तांब्या माझ्या पायांवर तिरपाच होता.