पिवळी ओळ

पिवळा रंग मी निवडला होता. संस्थाचालकांनी नाही, क्लार्कनं नाही, मी. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं लिहिता लिहिता मी ते दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायला बघीन. याआधी दोनदा लिहायला बसलो तेव्हा तसंच झालं. दोन्ही वेळा कागद फाडले.

घाटनांदूरला आमचं कापडाचं दुकान होतं. बीडला येईपर्यंत मीही तिथंच कापडाची ठाणं उलगडत असे. बाईनं लुगडं पसंत केलं तरी वडील ते लगेच बांधून देत नसत. "आधी भाईर उन्हात नेऊन दाव," म्हणायचे. ट्यूबलाइटखाली मोरपंखी दिसणारं लुगडं दारात नेलं की साधं निळं निघायचं. पसंत पडलेला माल असा कितीदा तरी परत फळीवर गेला. मी कुरकुरलो की म्हणायचे, "आपल्या दुकानात कसं दिसतंय ते आपल्याला म्हाईत हाय. तिच्या घरी कसं दिसंल ते बघ."

एवढं ऐकूनही मी पुढं जे केलं ते केलं.

कंप्युटरचा कोर्स करून मी बीडमधल्या एका खाजगी डी. फार्मसी कॉलेजात शिकवायला लागलो. ऑर्डर तात्पुरती होती, दरवर्षी नवी निघायची. स्टँडसमोर एसटीडी बूथांच्या शेजारी सायबर कॅफे उघडायला लागले होते. आमच्या संस्थाचालकांनी, त्यांना सगळे साहेब म्हणत, पुण्यात कुठंतरी एका कॉलेजची वेबसाइट पाहिली आणि आल्या आल्या मला बोलावलं.

मी पहिलं पान केलं ते पांढऱ्यावर काळं, अक्षर मोठं. साहेब खुर्चीत मागं रेलले.

"मास्तर, पांढऱ्यावर काळं तर तहसीलच्या नोटिशीत बी आसतंय. मंग कंप्युटर कावून घेतला आपण?"

क्लार्क मागं उभा होता. कॉलेजातला सगळ्यात जुना माणूस. तो म्हणाला, "साहेब, मास्तर कापडवाले हायत. त्यांना सादा कोरा मांजरपाटच दिसायचा."

दोघंही हसले. मीही हसलो, पण ते आत कुठंतरी बसलं.

मग दोन दिवस बसून मी दुसरं पान केलं. मागं गडद निळा रंग, त्यावर पांढरी अक्षरं. साहेबांना सगळं एका नजरेत दिसायला हवं होतं, खाली ओढत बसायचं नव्हतं, म्हणून अक्षर बारीक करत गेलो. इतकं बारीक की रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळायला लागल्या. मला वाचता येत होतं, कारण मजकूर मीच लिहिलेला होता. प्रवेशाच्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र मी पिवळीधमक केली. 'मूळ टी.सी. व मूळ गुणपत्रक दुपारी बारापर्यंत सादर न केल्यास जागा पुढील उमेदवारास दिली जाईल.' खोलीत शिरल्याबरोबर नजर त्या ओळीवर जायची. साहेब म्हणाले, "आता कसं!" क्लार्क काहीच बोलला नाही. मला साहेबांच्या शाबासकीपेक्षा ते जास्त गोड लागलं.

तेव्हा मराठी अक्षर दुसऱ्या कंप्युटरवर दिसायचं तर तोच फॉन्ट तिथंही टाकावा लागे, नाहीतर पडद्यावर नुसती चिन्हं उमटायची. म्हणून मी खिशात फ्लॉपी घालून बीड आणि गेवराईच्या सायबर कॅफेंत फिरलो. प्रत्येक ठिकाणी फॉन्ट टाकला, पान उघडून पाहिलं, पिवळी ओळ झळकताना पाहिली. प्रिंट एकदाही काढली नाही.

आणि आमच्याकडं पडद्यावर कोण वाचत होतं? कॅफेवाला एक प्रिंट काढायचा, तिच्यावरून झेरॉक्स निघायच्या आणि त्या झेरॉक्स गावोगाव जायच्या. छापताना मागचा निळा रंग गळून जायचा, कागद पांढराच राहायचा. पांढरी अक्षरं कंप्युटर आपोआप काळी करून द्यायचा, पण रंगीत अक्षरांना हात लावायचा नाही. काळ्या शाईच्या प्रिंटरवर पिवळं अक्षर म्हणजे नुसती सावली. तिची झेरॉक्स काढली की तीही जायची. माझ्या पानावरची सगळ्यात ठळक ओळ कागदावर नव्हतीच.

रिकाम्या जागांच्या शेवटच्या फेरीला तलवाड्याची एक मुलगी आली. यादीत तिचं नाव पहिलं होतं. पहाटेची गाडी धरून, गेवराईला बदलून, ती आणि तिचे वडील अकराच्या आत पोचले होते. फाइल इतकी नीट लावलेली की क्लार्कसुद्धा "वा" म्हणाला. वडील तेवढ्यावरच खुलले. "गावात मेडिकल न्हाई. गोळी आनायची तरी गेवराई गाठावी लागती. स्टँडवर गाळा बघून ठिवलाय म्या, पोरीचं शिक्षान झालं की..."

"मूळ टी.सी. कुठंय?" क्लार्कनं विचारलं.

"घरी हाय. साक्षांकित प्रत लावलीय," मुलगी म्हणाली.

"मूळ लागतीया, ताई. वेबसाइटवर ठळक लिवलंय."

"आमी त्योच कागद घिऊन आलोत की," वडील म्हणाले.

मी शेजारच्या टेबलाशीच होतो. क्लार्कनं मला हाक मारली. मी मॉनिटर त्यांच्याकडं वळवला. क्लार्कनं ओळीवर बोट ठेवलं. "बघा मामा. आंधळ्याला बी दिसंल."

मुलीनं ती ओळ पुटपुटत पूर्ण वाचली. मग हातातला कागद पाहिला आणि माझ्यापुढं धरला. दोन परिच्छेदांच्या मध्ये दोन बोटं रुंद कोरी पट्टी होती. मला त्याच क्षणी समजलं. नंतर विचार केल्यावर नाही, तिथंच.

साहेब आतल्या खोलीत होते. मधे दहा पावलं होती. 'चूक आपली आहे, यांना संध्याकाळपर्यंत वेळ द्या,' एवढंच म्हणायचं होतं. साहेब रागावले असते, पण त्यांनी वेळ दिला असता, ते तसे वाईट नव्हते. नोकरी जाईल म्हणून गप्प राहिलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला क्लार्कसमोर पुन्हा मांजरपाट व्हायचं नव्हतं. कारण एवढंच होतं.

मी कागद परत दिला आणि म्हणालो, "झेरॉक्स नीट आली नसेल."

वडील टी.सी. आणायला पळाले. मुलगी बाहेर बाकावर बसली. बाराला क्लार्कनं पुढचं नाव पुकारलं, तो उमेदवार सही करून गेला, आणि ती तशीच बसून होती. मी वर्गात गेलो, परत आलो, पाणी प्यायलो, पुन्हा गेलो. शेवटी कंप्युटरपुढं बसून त्या ओळीचा पिवळा रंग काढून पांढरा केला. एका शब्दाचं काम. आणखी कुणी फसू नये म्हणून केलं, असं तेव्हा मनात म्हणालो. अर्धं खरं असेल. उरलेल्या अर्ध्याकडं मी बघितलं नाही.

चारच्या सुमाराला वडील आले. टी.सी. छातीशी धरलेली, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. येताना गेवराईच्या कॅफेवाल्याला गाठून त्याला कागद दाखवून आले होते. थेट साहेबांच्या खोलीत शिरले आणि त्यांना माझ्या टेबलापाशी घेऊन आले. मुलगीही बाकावरून उठून आत आली.

"साहेब, त्यो कॅफेवाला म्हनतोय, ती वळ कागदावर उतरतच न्हाई. हितंच काढा प्रिंट, तुमच्या म्होरं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काढा, मास्तर."

मी प्रिंट काढली. ओळ काळीभोर, स्वच्छ आली.

"मामा, ह्ये काय मंग?" साहेबांनी कागद त्यांच्यापुढं केला. आवाज चढलेला नव्हता. वडील कधी या कागदाकडं, कधी त्या कागदाकडं बघत राहिले. मुलगी मात्र पडद्याकडं बघत होती.

"सर," ती मला म्हणाली, "सकाळी ही ओळ पिवळी होती ना? आता पांढरी हाय."

खोलीतले सगळे माझ्याकडं वळले. त्या इमारतीत या गोष्टीतलं कळणारा मी एकटाच होतो. मी काहीही बोललो असतो तरी ते खरं मानलं गेलं असतं.

"पिवळी आसो का पांढरी," मी म्हणालो, "कागदावर काळीच येती."

साहेबांनी मान डोलावली. वडील म्हणाले, "चल बाई." तिनं त्यांच्या हातातली झेरॉक्स घेऊन माझ्या टेबलावर ठेवली. "मंग ह्यो ऱ्हाऊ द्या तुमच्यापशी." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या वर्षी माझी ऑर्डर पुन्हा निघाली.

आता मी दुसऱ्यांची पानं करून देतो. अक्षर मोठं, पांढऱ्यावर काळं. "लई सादं झालं," म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं, तरी मी प्रिंट काढतो, तिची झेरॉक्स काढतो आणि रस्त्यावर उन्हात जाऊन वाचतो. ऑफिसातली पोरं म्हणतात, "सर निघाले लुगडं दावायला." दुकानाची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. पुढची नाही सांगितली.

एकदा तलवाड्याला गेलो. गाडीतून उतरलो तर स्टँडवर मेडिकल दिसलं. रस्ता ओलांडायला किती वेळ लावला कोण जाणे. काउंटरमागं एक म्हातारा माणूस होता. मी डोकेदुखीची गोळी मागितली. दुकान कुणाचं, हे विचारायचं ओठावर आलं होतं. विचारलं नाही. आलो त्याच गाडीनं परत फिरलो, गोळी तशीच खिशात.

अजून कुठल्याही मेडिकलमध्ये गेलो की आधी काउंटरमागं कोण आहे ते बघतो. ती दिसली तर काय म्हणायचं तेही ठरलंय: 'तुमचं बरोबर होतं, ती ओळ पिवळीच होती.' यात अवघड काही नाही. तेव्हाही नव्हतं.

तिचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कधी कधी काढून दारात नेतो, उन्हात तिरका धरून बघतो. प्रिंट असती तर पुसट का होईना, अक्षर दिसलं असतं. पण ती झेरॉक्स आहे. दोन बोटं रुंद पट्टी, आणि तिच्यात काहीच नाही.