तीन नंबरच्या फ्लॉपीला लावलेलं कुंकू

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा देवळाली प्रवऱ्यात तो असलेली घरं मोजकीच होती. अळिंबी, म्हणजे मशरूम, ओळखण्यासाठी कॉम्प्युटर आणलेलं घर मात्र एकच होतं, हे मी आजही छाती पुढे काढून सांगू शकतो. छाती माझी, कर्तबगारी बायकोची. पण लग्नात एवढी भागीदारी चालते.

बायको वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. मी हायस्कुलात इतिहास शिकवणारा, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टींचा जाणकार. म्हशी विकल्यावर मागचा गोठा रिकामा पडला, तेव्हा तिने तिथे ढिंगरी अळिंबी लावली. गव्हाचं काड भिजवून, उकळून, त्यात बी पेरून प्लॅस्टिकच्या पिशव्या भरायच्या, त्या आढ्याला टांगायच्या आणि भोवतीची गोणपाटं ओली ठेवायची. हा उद्योग गावाला पटला नव्हता. आमच्याकडे पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते ती 'कुत्र्याची छत्री', आणि जे कुत्र्याचं ते माणसाने खायचं नाही, एवढं शास्त्र सर्वांना पाठ होतं.

खाणारा अखेर नगर रस्त्यावर भेटला. तिथल्या एका परमिट रूमच्या मालकाने सांगितलं, "शनिवारी माल द्या बाई. गिऱ्हाईकाला आवडला तर दर शनिवारी घेतो." ही तिची पहिली ऑर्डर.

आणि गुरुवारी, पांढऱ्याशुभ्र ढिंगरीच्या शेजारी, काही पिशव्यांतून राखाडी रंगाच्या, घंटेसारख्या टोप्यांच्या, बारीक देठाच्या परक्या छत्र्या वर आल्या.

आई गोठ्याच्या दारातूनच म्हणाली, "म्या आधीच सांगितलं हुतं. इख हाय ते इख."

बायकोने हिशेब मांडला. मिसळलेला माल पाठवला आणि कुणाला उलट्या झाल्या, तर गोठा कायमचा बंद. सगळाच फेकला, तर शनिवार गेला आणि गाव बरोबर ठरलं. आधी ते परकं काय आहे हे कळायला हवं होतं.

त्याची सोय पुण्याहून आली होती. तिच्या भावाने ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर आणि अळिंबी ओळखण्याच्या परदेशी प्रोग्रॅमच्या पाच फ्लॉप्या पाठवल्या होत्या. पण कॉम्प्युटर आठवडाभर चादरीखाली बसून होता, कारण उद्घाटन व्हायचं होतं. शेजारी राहणारे पतसंस्थेचे चेअरमन बोअरवेलपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्याचं उद्घाटन करत. आपल्या आळीतलं हे यंत्र आपल्याशिवाय सुरू होणं त्यांना मानवणारं नव्हतं, आणि त्यांना सवड नव्हती.

बायकोने स्वतः जाऊन सांगितलं, "उद्या सकाळी फ्लॉप्या घालणार आहे. आलात तर तुमच्या हस्ते, नाहीतर माझ्या."

शुक्रवारी सकाळी ते फेटा बांधून हजर. आईने ताट तयार ठेवलं होतं. मॉनिटरला हार घातला, की-बोर्डवर अक्षता पडल्या, नारळ उंबऱ्यावर फुटला. आई कामात चोख. तिने पाचही फ्लॉप्या ओळीने मांडून प्रत्येकीला हळदकुंकू लावलं. तिसरीची पत्र्याची झडप तिला सरकती वाटली, तेव्हा ती उघडून कुंकू थेट आतल्या काळ्या चकतीला लावलं. देवाला वरवर लावून कसं चालेल?

चेअरमन विज्ञान आणि सहकार यांवर बोलले. पहिल्या दोन फ्लॉप्या सुरळीत गेल्या. तिसरीला यंत्र खर्रखर्र करून थांबलं आणि पडद्यावर इंग्रजीत उमटलं की ही डिस्क वाचता येत नाही.

"गेलं," मी म्हणालो. इतिहासाच्या माणसाला निकाल लवकर दिसतो.

"इंजिनेर बोलवा पुण्याचा," चेअरमन म्हणाले.

"उद्या शनिवार आहे," बायको म्हणाली. गोठ्यात हात निर्जंतुक करायला ती स्पिरिट ठेवायची. ती बाटली आणली. आईच्या ताटातला वातीचा कापूस उचलला, झडप सरकवली, पाठीमागचा धातूचा बिल्ला बोटाने हळूहळू फिरवत काळा पृष्ठभाग पुसत गेली. कापूस लाल झाला. मग पांढराच राहू लागला. वाळेपर्यंत थांबून तिने फ्लॉपी परत घातली. खर्रखर्र झालं, थांबलं आणि पडद्यावरची निळी पट्टी पुढे सरकू लागली. त्या पट्टीकडे मी जसा बघत होतो तसं दहावीच्या निकालाकडेही बघितलं नव्हतं.

"कुंकवाचा गुण," आई म्हणाली.

उरलेल्या दोन फ्लॉप्याही गेल्यावर प्रोग्रॅम प्रश्न विचारू लागला. टोपी कशी, देठ पोकळ की भरीव, बीजाणूंचा रंग कोणता? तिने आदल्या दिवशीच टोप्या पांढऱ्या कागदावर वाटीखाली झाकून ठेवल्या होत्या. ढिंगरीखाली बीजाणूंची फिकट भुकटी पडली होती, परक्या छत्रीखाली काळीभोर. शिवाय ती छत्री कडेने वितळून शाईसारखी गळत होती. तेही प्रोग्रॅमने विचारलं, आणि तिने कागद न बघता 'हो' दाबलं.

पडद्यावर तीन नावं आली, चित्रांसह.

तोवर चेअरमन गोठ्यात चक्कर मारून आले होते. धीटपणा दाखवायला त्यांनी त्या राखाडी छत्र्या पिशवीत भरल्या होत्या. "वैनी, आमी काय भीत न्हाई. आज संध्याकाळी बैठक हाय, भाजी करतो."

बायको वाचत होती. शांतपणे म्हणाली, "यातली एक जात दारूबरोबर पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. खाल्ल्यावर दोन-तीन दिवसांनी प्यायलं तरी."

चेअरमननी पिशवी टेबलावर ठेवली. मग टेबलही जवळ वाटलं असावं, म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवली.

"आणि बाकीच्या दोन?" मी विचारलं.

"तिन्हींतली नक्की कुठली ते मला सांगता येणार नाही. प्रोग्रॅम त्यांच्या देशाचा आहे. पण ढिंगरी नाही, एवढं नक्की. आणि माल परमिट रूमला चाललाय."

दुपारभर तिने पिशव्या तपासल्या. ज्यांत एक जरी परकी छत्री होती त्या अख्ख्या खड्ड्यात पुरल्या. उरलेली ढिंगरी एकेक हाताळून टोपलीत भरली. टोपली अर्धीच झाली. शनिवारी मालकाने विचारलं, माल कमी का? तिने कारण सरळ सांगितलं, दारूसकट. मी शेजारी उभा राहून मनात ऑर्डरचं श्राद्ध घालत होतो.

मालकाने टोपलीतली एक ढिंगरी उचलून उलटसुलट करून बघितली. मग म्हणाला, "पुढच्या शनिवारीपण तुमीच निवडून द्या. दुसऱ्याच्या हातचा नको."

चेअरमननी पुढे बऱ्याच सभांत सांगितलं की हे यंत्र त्यांच्या हस्ते सुरू झालं. आई सांगायची, कुंकवाने सुरू झालं. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. एवढी वर्षं इतिहास शिकवूनही गावात मी फक्त 'सर' होतो, आणि असे सर गावात पुष्कळ. त्या पावसाळ्यानंतर मला अळिंबीवाल्या बाईंचे मिस्टर म्हणू लागले. नोकरीत मला एवढी मोठी बढती कधी मिळाली नाही.