केंद्राला कुलूप लागल्यावर

नव्या कायद्याने अग्निशमन विभागाची हद्द वाढली. नेदरलँड्समधलं आमचं खेडं शहरातल्या केंद्राला जोडलं गेलं आणि गावातलं स्वयंसेवकांचं केंद्र बंद झालं. त्याच उन्हाळ्यात समोरच्या आजींच्या गोठ्याला आग लागली. मी फोन करून धावले, पण दाराचा लोखंडी अडसर मला एकटीला हलेना. शेजारचे काका जुने स्वयंसेवक. ते सवयीने सायकल काढून थेट केंद्राकडे गेले. कुलूप बघून परतले, तोवर छप्पर कोसळलं होतं. शहरातला बंब त्यानंतर आला.

आजी म्हणाल्या, "तू घरीच होतास ना रे? मग अडसर काढायला का नाही आलास?"

काका मेलेल्या गाईंच्या कानांतले नोंदणीचे बिल्ले काढायला वाकले.