लेकीला उचलायचं नाही

माझं माहेर अमरावती शहरातलं, नळ घरातच. सासर अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात. तिथं विहिरीचं पाणी इतकं खारट की तोंडात धरवत नाही. प्यायचं पाणी गावाबाहेरच्या टाकीवरून डोक्यावर आणायचं. लग्न ठरवताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण नवरा मला पसंत पडला होता.

लेक झाली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. एक दिवस, एक रात्र कळा दिल्या. सव्वा महिना माहेरी डिंकाचे लाडू खाल्ले, सासरी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी पाण्यानं भरलेला पितळी गुंड डोक्यावर घेतला. घरी येता येता ओटीपोटातून काहीतरी खाली घसरल्यासारखं झालं. न्हाणीत जाऊन हात लावून पाहिलं, तर एक मऊ गोळा बाहेर आलेला. आता आपण मरतो, असंच मला वाटलं. मेले नाही. हातानं आत ढकललं तर गेलं. संध्याकाळी पुन्हा आलं.

तीन महिने मी हे कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तो मला माहेरी नेऊन सोडेल अशी भीती होती. बिचाऱ्यानं तसं वाटण्यासारखं काहीच केलेलं नव्हतं, पण भीतीला पुरावा लागत नाही. माझी लेक अशी की खाली म्हणून राहायची नाही. ती जितका वेळ कडेवर, तितकं ते खाली. तरी मी तिला सोडत नव्हते. दिवसभरात मला सुखाची वाटणारी तेवढी एकच गोष्ट होती.

ती वर्षं विचारपूस करणाऱ्यांची होती. कापसाचे हंगाम एकामागून एक बुडाले होते, आसपासच्या गावांत नको ते घडत होतं, आणि आमच्याकडे जीपगाड्या यायच्या. एकदा एक साहेब ओसरीवर बसून कागद भरत होते. शेती किती, बैल किती. नवऱ्याला तीनदा विचारलं, रात्री झोप लागते का? लागत होती, चांगला घोरत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "घरात कोणी आजारी?"

"नाई," सासू म्हणाली.

"नाही," चहा ठेवता ठेवता मीही म्हणाले. साहेबांनी त्या रकान्यात रेघ मारली आणि चहा प्यायला.

माझी सासू उंचीपुरी, आवाज असा की घरातून हाक मारली तर टाकीवर ऐकू जावी. मी तिला घाबरून असायचे. जीप गेल्यावर ती माझ्याजवळ आली. चहा ठेवून उठताना मी भिंत धरली होती, ते तिनं पाहिलं होतं.

"अंग बाहेर येते का वं तुले?" तिनं हळूच विचारलं. इतक्या हळू तिला बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मी मान डोलावली.

"सांगतलं काहून नाई?"

"लाज वाटली, आत्याबाई."

"लाजून बसशीन तं मरशीन," ती म्हणाली आणि तडक आपल्या पोराकडे गेली. त्याला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "दुखते का?" मी रडले. तीन महिने मी कोणाला घाबरत होते, याला?

त्याच आठवड्यात आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयाला धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेत, वय कमी आहे, सुधारेल. त्यांनी आत एक रबरी रिंग बसवली आणि एक व्यायाम शिकवला. लघवी अडवून धरतो तसं आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. आणि निदान वर्षभर वजन उचलायचं नाही. पाणी नाही, कापसाचं गाठोडं नाही, आणि होता होईतो लेकही नाही. तोवरचं सगळं मी निमूट ऐकलं, लेकीचं ऐकून मात्र तिथेच हुंदका आला.

त्या दिवसापासून सासूनं पाणी घेतलं आणि लेकही घेतली. एका कडेवर नात, डोक्यावर गुंड. मी खाली बसून मांडी पसरायचे, पण पोरीला मांडी नको होती, तिला उंचावरून जग पाहायचं होतं. ती आजीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची आणि मला जळायला व्हायचं. टाकीवर बायका म्हणाल्या, आजकालच्या पोरींना आपलं लेकरूही जड होतं. सासू म्हणाली, "माई सून हाय, मी बसवून खाऊ घालीन. तुमचं काय जाते?"

व्यायामाला मला जागा सापडली ती गावातल्या संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत. सगळा गाव डोळे मिटून शांत बसलेला, मीही बसलेली, मनात एक ते दहा. गावातल्या एक आजीबाई कौतुकानं म्हणाल्या, "पोरीचं ध्यान मोठं लागते." मी हसू कसं दाबलं ते मलाच माहीत. चार-पाच महिन्यांत फरक कळायला लागला. संध्याकाळ झाली तरी ओढल्यासारखं वाटेना.

मग एका दुपारी वाळलेले कपडे काढताना दोरीवर सासूच्या लुगड्याखाली चिंध्या दिसल्या. धुऊन, पिळून, लपवून घातलेल्या. सासूची पाळी जाऊन वर्षं झाली होती. मग या कशाच्या? मी तिथंच उभी राहिले. भिंत धरून उठणं तिनं बरोबर कसं ओळखलं, ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा सासूशी भांडले. शेजारीण कुंपणापर्यंत आली, इतकं मोठ्यानं.

"तुमालेबी येते ना? ह्या चिंध्यांचा बोळा ठेवता ना?"

"मंग? बायकाले असतेच."

"मंग माई पोट्टी काहून उचलली? पानी काहून आनलं?"

"तुई जिंदगी पडली हाय समोर," ती म्हणाली. "माई झाली."

झाली म्हणे! तिचं वय पन्नासच्या आसपास असेल. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच पातळ बदलून दारात उभी राहिली. "चाल, कुठी नेतं तं," म्हणाली. लेकीला नवऱ्याकडे ठेवून आम्ही दोघी अकोल्याला गेलो.

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पयला पोरगा झाला तवापासून."

पहिला पोरगा म्हणजे माझा नवरा. त्याचं जेवढं वय, तेवढी वर्षं. कापसाच्या तेवढ्या वेचण्या, तेवढं पाणी. डॉक्टरीणबाईंनी तूर्त रिंग बसवली, पुढे ऑपरेशन करू म्हणाल्या, आणि वजन उचलायचं नाही असं बजावलं. सासूनं एकच विचारलं, "मंग पोट्टीले कोन घेईन?"

बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

घरी आलो तर नवरा सायकलला कॅन बांधून पाणी आणायला निघाला होता. अंगणात बाजेजवळ लेक बसलेली. वर्षाची होऊन गेली तरी ती चालत नव्हती. कडेवरून उतरलीच नव्हती तर चालणार कधी? आम्हाला पाहून तिनं दोन्ही हात वर केले. सासू सवयीनं वाकली. मी सासूचा हात धरून तिला खाली बसवलं आणि शेजारी बसले. लेक रडली, चिडली, आडवी पडली. सासू म्हणाली, "सोड वं, घेऊ दे." मी हात सोडला नाही. लेक गप्प झाली, बाजेचा पाय धरून उभी राहिली, आणि पाच-सहा पावलं डुगडुगत चालत आली.

आली ती आजीकडे. मला ओलांडून गेली.

मला फार वाईट वाटलं, आणि तिचं अगदी बरोबर आहे असंही वाटलं. मी सासूच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तिनं मला ढकललं नाही.