दुधाची गाठ

डॉक्टरनं पेनाला टोपण लावलं आनि त्या टोकानं माझ्या छातीतली गाठ दाबली. झंपरावरनं. हात लावलाच न्हाय.

"दुधाची गाठ आहे. जाईल," म्हनाला आनि गोळ्या लिहून दिल्या.

मी म्हनलं, "साहेब, धाकटी लेक धावीला हाय. दूध कुठलं आता?"

माझ्याकडं न बघता तो नर्सला म्हनाला, "यांना सांगा, येताना अंघोळ करून येत जा."

अंघोळ! पहाटं न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून मी सणसरवरनं एस्टीनं बारामतीला आले व्हते. टमाटी तोडून बोटं काळी पडत्यात, ती घासूनबी निघत न्हाईत. ज्या बाईच्या टमाट्यात मी राबते, ती माझ्या आधीच आत जाऊन आली व्हती. तिच्यासाठी पडदा वढला, नर्स जवळ उभी ऱ्हायली, नीट हातानं तपासलं, तिनंच भाईर येऊन सांगितलं. मला पेन. माझी जात त्यानं इचारली न्हाय, बोटांवरनं वळखली. मला मेल्याहून मेल्यागत झालं. तरी "बरं साहेब" म्हनून मी भाईर आले. त्या "बरं"चा मला आजबी राग येतो.

म्हैनाभर गोळ्या खाल्ल्या. गाठ तितंच, खड्यावानी टणक. परत गेले. त्यानं परत खिशातनं पेन काढलं. माझं डोस्कंच फिरलं. मी ते पेन धरलं.

"हातानं तपासा. न्हायतर लिहून द्या, दुसरीकडं दावते."

"मला शिकवतेस?"

"व्हय."

त्यानं सोनोग्राफीची चिठ्ठी टेबलावर फेकली. मी उचलली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं आधी इचारलं, "तपासू का?" मग दोन्ही बाजू, दोन्ही काखा, बोटांनी सावकाश चाचपल्या. सोनोग्राफी केली. मशीनमधी छाती दाबून फोटू काढला. मग जाड सुईनं गाठीचा तुकडा घेऊन तपासायला धाडला. आठ दिसांनी कागद आला. कॅन्सर.

"आधी का नाही आलात?" बाई म्हनाल्या.

"आले व्हते की ओ!" मी वरडलेच.

डावी बाजू काढली. तितं आता नुसता वण हाय.

परवा शेळगावच्या नणंदेला न्हाताना छातीत गाठ लागली. ती त्याच डॉक्टरकडं जाऊन आली. म्हनती, "वैनी, दुधाची हाय म्हनला." तिला नातू झालाय.

उद्या मी तिच्यासंगं जानार हाय. पडदा मीच वढनार. आनि त्यानं पेन काढलं, तर माझ्या झंपराची बटनं सोडून, वण दावून त्याला म्हननार हाय, ही बघा तुमची दुधाची गाठ.